‘समजलं ना?’ ‘हो!’

लोणावळ्याच्या आसपासच्या गावांत बहुतेक घरांत एक पिशवी असते. एखाद्या साडी सेंटरची, जाड प्लास्टिकची, खुंटीला अडकवलेली किंवा गोदरेजच्या कपाटावर टाकलेली. तिच्यात गुंडाळी झालेला एक्स-रे, अक्षरं उडालेला ईसीजी, कुण्या रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड, बाळाच्या लसींचं कार्ड, कंपनीतल्या तपासणीचा रिपोर्ट आणि मधूनच कापलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या असं सगळं एकत्र नांदत असतं. दवाखान्यात निघताना पिशवी अख्खी बरोबर घ्यायची आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायची. हवं ते डॉक्टर काढून घेतात. यातला कुठला कागद काय सांगतो, कुठला जपायचा आणि कुठला चुलीत घातला तरी चालेल, हे घरात सहसा कुणाला ठाऊक नसतं. पण टाकायचं धाडसही कुणी करत नाही.

हे सगळे कागद कुणी ना कुणी, कुठल्या ना कुठल्या संस्थेत बसून तयार केलेले आहेत.

कुरवंडे हे मावळातलं असंच एक गाव. लोणावळ्याहून नौदलाच्या आयएनएस शिवाजीच्या बाजूने वर गेलं की लागतं. पर्यटकांना ते नागफणीच्या सुळक्यामुळे माहीत असतं. साहेबाला त्या सुळक्यात ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं नाक दिसलं, म्हणून त्याचं ‘ड्यूक्स नोज’ झालं. इतिहासाच्या वाचकांना गाव आठवतं ते उंबरखिंडीच्या लढाईमुळे. कारतलबखान या मुघल सरदाराची फौज याच कुरवंडे घाटाने कोकणात उतरली आणि २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांच्या सैन्याच्या कोंडीत सापडली. वाट माहीत नसलेल्याला दाट रान काय करतं, याचा मोठा दाखला या गावाच्या पायथ्याशीच आहे. आजारपणात मोठ्या इस्पितळाच्या दारात उभ्या राहणाऱ्या माणसाची गत खानापेक्षा फार वेगळी नसते. फक्त त्याच्याजवळ फौज नसते.

अशा गावातल्या एका कुटुंबाला आरोग्यापायी किती दारं झिजवावी लागतात, ते पाहण्यासारखं आहे. अंगणवाडी आणि आशाताई जवळच्या. मग कार्ल्याचं प्राथमिक आरोग्य केंद्र, लोणावळ्यातला खासगी दवाखाना, प्रकरण वाढलं तर कान्ह्याचं सरकारी रुग्णालय, तळेगाव, नाहीतर थेट पुणं. मुलगा तळेगाव-चाकणच्या कारखान्यात असेल तर कंपनीची तपासणी आणि ईएसआयचं कार्ड. सून एखाद्या रिसॉर्टमध्ये साफसफाईला जात असेल तर तिथल्या ॲसिडच्या कॅनवरची इंग्रजी सूचना. घरात येणारं पाणी ग्रामपंचायतीचं. यातल्या प्रत्येक ठिकाणी काहीतरी वाचावं लागतं, सही करावी लागते, नाहीतर कानांनी ऐकून लक्षात ठेवावं लागतं.

हे वाचणं-समजणं म्हणजे आरोग्यसाक्षरता, आणि आरोग्यसाक्षरता म्हटलं की आपल्याकडे पटकन एक व्याख्यान ठरतं. १४ नोव्हेंबरच्या मधुमेह दिनाला कॉन्फरन्स रूममध्ये डॉक्टर येतात, स्लाइड दाखवतात, सामोसा-चहा होतो, ग्रुप फोटो निघतो आणि तो कंपनीच्या वार्तापत्रात छापून येतो. कॅन्टीनमध्ये सामोसा तसाच राहतो आणि तपासणीचा अर्जही तसाच इंग्रजीत राहतो. लोकांना ‘जागरूक’ करायचं एवढं एकच काम आपल्यापुढे आहे, अशी संस्थांची प्रामाणिक समजूत असते.

ही समजूत जगभर बराच काळ होती. आरोग्यसाक्षरता ही संज्ञा अमेरिकेत १९७४ मध्ये स्कॉट सायमंड्स यांनी शालेय शिक्षणाच्या संदर्भात वापरली, आणि पुढची तीसेक वर्षं तिचा अर्थ रुग्णाच्या अंगची कुवत असाच घेतला गेला. त्याला वाचता येतं का, आकडे कळतात का, एवढंच तपासायचं. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या व्यासपीठावरून सिंडी ब्राच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आरोग्यसाक्षर संस्थेची दहा लक्षणं मांडली, तेव्हा आरशाचं तोंड फिरलं. रुग्णाला कळलं नाही तर नापास कोण, हा प्रश्न तिथे पहिल्यांदा ठसठशीतपणे विचारला गेला. २०२० पासून अमेरिकी सरकारच्या आरोग्य-उद्दिष्टांत व्यक्तीची साक्षरता आणि संस्थेची साक्षरता अशा दोन वेगळ्या व्याख्या आहेत.

वाचता येणं आणि कळणं यांत किती अंतर असतं, याचा एक प्रयोग मात्र मुद्दाम सांगायला हवा. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दवाखान्यांत आलेल्या ३९५ इंग्रजी बोलणाऱ्या रुग्णांना औषधांच्या बाटल्या दाखवल्या. एका बाटलीवर लिहिलं होतं, दोन गोळ्या दिवसातून दोनदा. ज्यांचं वाचन कच्चं होतं, त्यांच्यातल्या ७१ टक्के लोकांनी ही सूचना बरोबर सांगितली. मग त्यांना म्हटलं, दिवसभरात लागतील तेवढ्या गोळ्या मोजून दाखवा. चार गोळ्या ३५ टक्क्यांनीच दाखवल्या.

त्यांची तर भाषाही तीच होती. आपल्याकडे पट्टीवर औषधाचं नाव बारीक इंग्रजीत, इशारा त्याहून बारीक, आणि केमिस्टने पाचच गोळ्या कापून दिल्या की मुदतीची तारीख दुसऱ्या तुकड्यावर दुकानातच राहते. डॉक्टरांनी औषधांची नावं सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, असा नियम सप्टेंबर २०१६ मध्ये निघाला. चिठ्ठी केमिस्टला वाचता यावी, एवढी सोय त्याने झाली. पेशंटचं काय, ते तोंडी.

तोंडी म्हणजे कसं, तर तीस सेकंदांत सगळं सांगून झाल्यावर डॉक्टर विचारतात, ‘समजलं ना?’ आणि समोरून उत्तर येतं, ‘हो!’ मागे चाळीस माणसं रांगेत, डॉक्टरांचा हात पुढच्या केसपेपरवर, बरोबर आलेला पुतण्या कामावर जायच्या घाईत. अशा वेळी ‘नाही समजलं’ म्हणायला छातीच पाहिजे. याला साधा तोडगा आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत. प्रश्न बदलायचा. ‘आजी, घरी गेल्यावर सूनबाईंनी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले, तर काय सांगाल?’ मग आजी जे सांगतात त्यातून कळतं की पाण्याच्या गोळ्या म्हणजे पाण्याबरोबर घ्यायच्या गोळ्या असं त्यांनी धरलंय. चूक आजींची नाही, सांगणाऱ्याची, हे गृहीत धरूनच हा प्रश्न विचारायचा असतो. हटकल्यासारखा विचारला तर आजी पुन्हा ‘हो’वर येतात.

महाराष्ट्राला हे सगळं अमेरिकेतून शिकायची गरज नव्हती. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था सुरू केली, तेव्हा त्यांच्यापुढे एक कोडं होतं. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी इस्पितळ असूनही आदिवासी तिकडे फिरकत नव्हते. लोकांना विचारलं तेव्हा कारणं बाहेर आली. ती मोठमोठी इमारत पाहूनच भीती वाटते. डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यांत. आम्ही पांढऱ्यात मढं गुंडाळतो. नातेवाइकांना बाहेर काढतात आणि आजारी माणूस आत एकटा पडतो. आणि तिथे देव नाही. एखाद्या संस्थेने यावर भित्तिपत्रकं छापली असती: ‘इस्पितळाला घाबरू नका.’ बंगांनी इस्पितळच बदललं. शोधग्रामच्या आवारात झोपड्यांसारख्या खोल्या बांधल्या, जिथे घरचे लोक रुग्णाबरोबर राहू शकतात. दवाखान्याला माँ दंतेश्वरीचं नाव दिलं.

त्यांच्याच कामातली एक वस्तू जवळून पाहण्यासारखी आहे. लहान मुलांत न्यूमोनिया ओळखायची सोपी खूण म्हणजे श्वासाचा वेग. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा जास्त, त्याच्यापुढच्या तान्ह्याचा पन्नास किंवा जास्त असेल तर धोका. पण गावातल्या सुइणींना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नव्हतं. शिक्षण कमी म्हणून त्यांना बाद करणं सोपं होतं. त्याऐवजी सर्चने एक मोजणी-पाटी केली. तिच्यावर एका मिनिटाची वाळूची घडी आणि मण्यांच्या दोन ओळी. धाकट्या बाळासाठी एक, मोठ्यासाठी एक. घडी उलटी करायची आणि बाळाच्या पोटाकडे बघत दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. शेवटचा मणी लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया. साठपर्यंत मोजण्याची कटकटच मिटली. पुढे नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग ३९ गावांत झाला, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने तो शोधनिबंध छापला. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात, त्याची मुळं तिथे आहेत. मावळातल्या आशाताईसुद्धा त्याच वेळापत्रकाने चालतात.

त्याआधी १९७० च्या दशकात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी खेड्यांतल्या निरक्षर, बहुतेक दलित आणि गरीब घरांतल्या बायकांना आरोग्यसेविका केलं. शिकलेल्या नर्स गावात टिकेनात, म्हणून ही वाट धरावी लागली. दोघांना १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जामखेडवर इतकं लिहिलं गेलंय की इथे एवढंच पुरे.

लोणावळ्यातलं उदाहरण मात्र सहसा कुणी या चौकटीत पाहत नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये इथे कैवल्यधाम स्थापन केलं. आसनं करताना रक्तदाब काय होतो, पोटातला दाब कसा बदलतो, हे ते उपकरणं लावून, एक्स-रे काढून तपासत होते. त्याच वर्षी त्यांनी ‘योग मीमांसा’ हे त्रैमासिक काढलं. त्यात प्रयोगांचा शास्त्रीय विभाग वेगळा, निमशास्त्रीय वेगळा आणि सर्वसामान्य वाचकांसाठीचा सुलभ विभाग वेगळा होता. एकच संस्था, एकच विषय, पण वाचणाऱ्यागणिक मांडणी निराळी. नियतकालिक इंग्रजीत होतं, म्हणजे ‘सर्वसामान्य’ची व्याप्ती तेव्हा बेताचीच. तरी शंभर वर्षांपूर्वी जे एका आश्रमाला सुचलं, ते आजच्या कॉर्पोरेट इस्पितळाच्या संमतिपत्रकाला सुचत नाही, हेही खरं.

गावपातळीवर सगळ्यात निकडीची आरोग्यसाक्षर संस्था कुठली असावी? ग्रामपंचायत. पाणी ती सोडते. हजार लिटर पाण्याला साधारण पाच ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, मग नळाच्या टोकाशी ओटी टेस्ट. पाण्यात थेंब टाकले आणि पिवळट रंग आला की क्लोरीन पोचला. टीसीएलचं पोतं उघडं राहिलं की त्यातला क्लोरीन उडून जातो आणि खाली उरते ती चुन्याची भुकटी. ती कितीही ओतली तरी फरक पडत नाही. आरोग्य खातं पावसाळ्याच्या आधी आणि नंतर पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतींना कार्ड देतं. धोका असेल तर लाल, मध्यम असेल तर पिवळं, सारं ठीक असेल तर हिरवं, आणि सलग पाच वर्षं हिरवं टिकवणाऱ्याला चंदेरी. कल्पना नामी आहे, वाचता न येणाऱ्यालाही कळेल अशी. पण हे कार्ड बहुधा ग्रामसेवकाच्या फायलीत बसतं. आपल्या गावाचं कार्ड कुठल्या रंगाचं आहे, हे पाणी भरणाऱ्या बायकांना विचारून पाहावं. चावडीच्या भिंतीवर तो रंग फासायला एक डबा पेंट पुरतो, आणि तो न फासण्याचं कारणही सगळ्यांना कळतं.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड परिसरात गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकदम वाढले. जिल्ह्यातला संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. दूषित पाण्यावर बोट ठेवलं गेलं. तेव्हा व्हॉट्सॲपवर पनीर, चिकन, भात यांच्याविषयी काय काय फिरलं, ते आठवून पाहावं. लोक अफवांवर विसंबले याचं नवल नाही, अफवा मराठीत होत्या.

पुणे जिल्ह्याला संस्थांना जाब विचारण्याचा अनुभवही आहे. २००७ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली राज्यात आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, त्या पहिल्या पाच जिल्ह्यांत पुणे होता. बाकीचे ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि तेव्हाचा उस्मानाबाद. ‘साथी’ ही पुण्यातली संस्था समन्वय पाहत होती. गावातल्या लोकांनी आपल्या आरोग्य केंद्राचं प्रगतिपुस्तक भरायचं आणि मग जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर ते वाचायचं. केंद्रात कुठली औषधं मोफत मिळायला हवीत हे माहीत असल्याशिवाय ‘बाहेरून आणा’ या उत्तरावर बोलताच येत नाही, हे त्यातून अनेकांना पहिल्यांदा उमगलं. माहितीला दात असतात, ते असे.

खासगी इस्पितळांचं पाहू. जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्राने शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत बदल करून रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी जागी लावणं बंधनकारक केलं. धर्मादाय इस्पितळांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने ही योजना २००६ पासून चालू आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत इस्पितळात ‘आरोग्यमित्र’ बसतो. म्हणजे वाटाड्याचं पदच सरकारने निर्माण केलंय. प्रश्न टेबलाचा आहे. ते टेबल प्रवेशद्वाराशी असेल, तर अनामत रक्कम भरण्याआधी माणूस तिथे पोचतो. जिन्यामागे असेल, तर पोचतो तो बिल झाल्यावर. कुठल्या इस्पितळाला आपल्या पेशंटांनी काय वाचावंसं वाटतं आणि काय वाटत नाही, हे त्याच्या फलकांच्या जागांवरून बिनचूक ओळखता येतं. औषधाच्या दुकानाची पाटी कधी कुणाला शोधावी लागलेली नाही.

आता पुन्हा घाटमाथ्यावर. जून-जुलैत मावळात इंद्रायणी भाताची लावणी आणि लोणावळ्यात पर्यटकांची झुंबड एकाच वेळी चालते. सापही याच दिवसांत बाहेर पडतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार प्रमुख विषारी साप. शेतकऱ्याइतकाच धोका बंगल्याच्या माळ्याला, रिसॉर्टच्या रात्रपाळीच्या वॉचमनला आणि अंधारात चप्पल न घालता बाहेर आलेल्या पाहुण्याला आहे. पुणे जिल्ह्यातच नारायणगावला डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत यांनी जुन्नर परिसरात सर्पदंशाने मृत्यू होऊच नयेत म्हणून वर्षानुवर्षं काम केलंय, उपचार आणि प्रबोधन दोन्ही. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणायचे असं ठरलंय.

काय करायचं, हे चार वाक्यांत मावतं. आवळून दोरी बांधू नका, कापू नका, चोखू नका. चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका. वेळ लक्षात ठेवा. प्रतिसर्पविष असलेल्या दवाखान्यात न्या, १०८ ला फोन करा. तिथे डॉक्टर एक तपासणी करतात, तीही नातेवाइकांना माहीत असलेली बरी. कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेऊन वीस मिनिटं तशीच ठेवतात, हलवत नाहीत. मग नळी तिरकी करतात. रक्त गोठलं नाही, वाहिलं, तर घोणस-फुरश्याचं विष अंगात भिनलंय असं धरतात. ही वीस मिनिटं म्हणजे उपचाराचाच भाग. बाहेरच्या माणसाला वाटतं डॉक्टर नुसते बसलेत, आणि मग तो पेशंट उचलून भगताकडे नाहीतर दुसऱ्या इस्पितळाकडे धावतो. एक वाक्य सांगितलं असतं तर तो थांबला असता.

रिसॉर्टच्या स्वागतकक्षात वायफायचा पासवर्ड, चेकआउटची वेळ आणि पोहण्याच्या तलावाचे नियम चकचकीत फ्रेममध्ये असतात. जवळ कुठे प्रतिसर्पविष मिळतं, हे स्वयंपाकघराच्या भिंतीवर मराठी आणि हिंदीत लिहिलेलं असेल, तर ती संस्था शिकली म्हणायची. डोंगरातल्या आपत्तीत दरीत उतरणारे लोणावळ्याचे ‘शिवदुर्ग मित्र’ आहेत, नागफणीच्या रानातून माणसं शोधून आणण्याची त्यांची ख्याती आहे. पण खोलीच्या दारात साप चावलेल्याला त्यांची वाट पाहायची नसते.

राहिले कारखाने. इथे कायदा कागदावर तरी बराच शहाणा निघाला. १९४८ च्या कारखाने अधिनियमात दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी आणि ती वापरता येणारा प्रशिक्षित माणूस सांगितला होता. कलम १०८ प्रमाणे सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत, दर्शनी भागी लावायची होती. भोपाळनंतर, १९८७ मध्ये, कामगाराला आपल्या आरोग्याविषयी आणि सुरक्षिततेविषयी माहिती मागण्याचा हक्क कलम १११-अ ने दिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि चाळिशीपुढच्या कामगारांची वार्षिक तपासणी मोफत झाली.

त्या तपासणीचा रिपोर्ट हातात घेऊन पाहावा. डावीकडे तपासणीचं नाव, मध्ये आकडा, उजवीकडे ‘नॉर्मल रेंज’. आकडा जास्त असला की ठळक होतो आणि शेजारी इंग्रजी ‘एच’ येतो. क्रिएटिनिन, एचबीए१सी, एसजीपीटी. एखादा ‘एच’ म्हणजे उद्याच डॉक्टरकडे जा, दुसरा म्हणजे काळजी नको. ‘एच’ मात्र दोन्हीकडे सारखाच. तळाशी ठरलेली ओळ: ‘प्लीज कोरिलेट क्लिनिकली.’ ती डॉक्टरांसाठी असते. रिपोर्ट मात्र पीडीएफ होऊन थेट कामगाराच्या मोबाइलवर येतो. तो ‘एच’ मोजतो, शेजारच्या मशीनवरच्याला दाखवतो, त्याचे तीन निघाले तर आपले दोनच म्हणून निश्चिंत होतो. त्या ओळीखाली मराठीत आणि हिंदीत आणखी एक ओळ छापता येते: हा कागद घेऊन आठ दिवसांत कंपनीच्या डॉक्टरांना भेटा, किंवा, यंदा काही करायची गरज नाही. त्यासाठी लॅबला नवं यंत्र लागत नाही. तपासणीचं कंत्राट देताना कंपनीच्या एचआर विभागाने तेवढी अट घालायची असते, आणि डॉक्टरांच्या वेळेचे पैसे त्यात धरायचे असतात.